बारीक टाइपातली नावे

फेब्रुवारीचा मध्य उलटला की आमच्या वर्गात इंटर्नल टेस्टच्या तारखांची चर्चा सुरू होते. मी त्या चर्चेत असतो, पण निम्माच. माझे उरलेले निम्मे लक्ष त्या दिवसांत अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि फ्लॉरिडा या दोन राज्यांत असते. तिथे त्याच सुमारास बेसबॉलच्या तीसही मोठ्या संघांची शिबिरे उघडतात. पंधरा संघ ॲरिझोनात, पंधरा फ्लॉरिडात. आधी पिचर आणि कॅचर हजर होतात, मग काही दिवसांनी बाकीचे. खरा हंगाम सुरू व्हायला अजून महिना-सव्वा महिना असतो, आणि मधल्या काळात जे सामने होतात त्यांची हारजीत कुठल्याही तक्त्यात धरली जात नाही. हिशेबात न धरल्या जाणाऱ्या सामन्यांवर कॉमर्सच्या मुलाने एवढा वेळ घालवावा, याचे आमच्या घरी सर्वांना नवल वाटते. बाबा तर स्पष्टच म्हणतात, “हे काय पोटाला मिळणार आहे काय?” माझा चुलत दादा तेवढा काही बोलत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मित्राने एकदा विचारले, “बेसबॉल अंदरे एनो?” मी त्याला चिण्णी-दांडूपासून सुरुवात करून समजावले. गोल दांडा, चेंडू टप्पा न पडता थेट येतो, चार कोपऱ्यांना चार तळ, फेरी पुरी करून घरी परत आले की एक धाव, तीन गडी बाद झाले की पाळी संपली. तो म्हणाला, “मग आपलं क्रिकेट काय वाईट आहे?” मी म्हटले, आपल्या देशातली दोन मुलेही तिकडे खेळून आली आहेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ साली एका स्पर्धेतून त्यांची निवड झाली आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. “कोण, तो कोलकात्याचा रिंकू?” “नव्हे रे, हा दुसरा.” मित्राने मान हलवली. त्याचा काही विश्वास बसलेला दिसला नाही.

मला हे वेड लागले २०२४ च्या उन्हाळ्यात. पी.यू.सी.ची परीक्षा संपली होती, निकालही बरा लागला होता, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम या गावी राहणाऱ्या मामांनी तिकीट पाठवून मला सुट्टीत बोलावून घेतले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मी. पहिले आठ दिवस मामींच्या पलीकडे कुणाशी बोलायलाच धजलो नाही. मामांना माझी दया आली असावी. एका संध्याकाळी ते म्हणाले, “चल, बोलावं न लागणारं काहीतरी दाखवतो.” आणि आम्ही डरॅम बुल्सच्या मैदानावर गेलो.

१९९५ साली उघडलेले हे मैदान देखणे आहे. डाव्या बाजूला बत्तीस फूट उंचीची निळी भिंत, आणि तिच्यावर लाकडी बैल. घरच्या संघाने चेंडू कुंपणापार मारला की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकातून धूर निघतो. त्या बैलालाच चेंडू लागला तर मारणाऱ्याला मांसाचे जेवण फुकट, खालच्या गवताला लागला तर कोशिंबीर! सातव्या डावाच्या मध्ये सगळे प्रेक्षक उठून उभे राहतात, हातपाय मोकळे करतात आणि गातात. मीही उभा राहिलो. गाणे येत नव्हते, म्हणून नुसते ओठ हलवले.

हे खेळाडू “मोठे” नव्हेत, हे मला मध्यंतरात कळले. मामांनी हॉटडॉगच्या कागदी पिशवीवर जिना काढून दाखवला. मोठ्या प्रत्येक संघाखाली चार पायऱ्या आहेत: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि लो-ए. तीस चोक एकशेवीस संघ, एकशेवीस गावे. २०२० पर्यंत असे १६० संघ होते. २०२१ साली नवी रचना झाली तेव्हा चाळीसच्या वर गावांचे हे नाते तुटले. एका मोठ्या संघाला अमेरिकेत सगळ्या पायऱ्यांवर मिळून जास्तीत जास्त १६५ खेळाडू ठेवता येतात. २०२४ च्या आधी ही मर्यादा १८० होती. आणि सर्वांत वर खेळायचे किती, तर २६. त्या रात्री झोपण्यापूर्वी मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला. सहा जणांत एक. शिवाय तो एकही दर वर्षी नवा निवडला जात नाही. वर गेलेला सहसा लवकर खाली येत नाही.

पुढच्या आठवड्यात मामांनी मला किन्स्टनला नेले. डरॅमहून सुमारे दोन तासांचा रस्ता, वीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. तिथले ग्रेंजर स्टेडियम १९४९ सालचे. डाउन ईस्ट वुड डक्स हा टेक्सास रेंजर्सचा लो-ए संघ, म्हणजे जिन्याची सर्वांत खालची पायरी, तिथे खेळत होता. गंमत म्हणजे याच गावात २०११ पर्यंत जो संघ होता त्याचे नाव “किन्स्टन इंडियन्स”. आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण जिम टोमी आणि सीसी सबाथिया यांच्यासारखे पुढे फार मोठे झालेले खेळाडू पोरवयात तिथे खेळून गेले. तो संघ गेला, पाच वर्षे मैदान त्या दर्जाच्या खेळाविना राहिले, २०१७ साली वुड डक्स आले. मी गेलो तेव्हा त्यांचाही तो शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी संघ साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही म्हातारी माणसे घरून उशा आणून बाकांवर बसली होती आणि धावफलक पेन्सिलीने लिहून काढत होती. जाणाऱ्या पाहुण्याला माणूस शेवटचे जेवण जसे मनापासून वाढतो, तसे ते मला वाटले.

सामन्याआधी कुंपणाच्या जाळीजवळ एक डावखुरा पिचर उभा होता. वय एकवीस. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यानेच विचारले, कुठला? मी म्हटले, इंडिया. तो म्हणाला, “म्हणजे क्रिकेट! तुमच्याकडे चेंडू वळवतात तो कसा धरतात, दाखव ना.” त्याने चेंडू जाळीवरून माझ्याकडे टाकला. लहानपणी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दादाने मला लेगब्रेकची पकड शिकवली होती. पहिली दोन बोटे शिवणीवर आडवी, तिसरे वाकवून खाली. तीच मी दाखवली. त्याने चेंडू परत घेऊन तशी बोटे ठेवून पाहिली आणि हसला. माझ्या आयुष्यातले ते पहिले न अडखळता झालेले इंग्रजी संभाषण असावे. हिवाळ्यात काय करतोस, असे मी विचारले. तो म्हणाला, गोदामात खोकी उचलतो, आणि फेब्रुवारीची वाट पाहतो. पगाराचे तो काही बोलला नाही. ते मी नंतर वाचले. या पायरीवरचा किमान वार्षिक पगार २०२३ पूर्वी ११ हजार डॉलरच्या घरात होता, आणि शिबिराच्या दिवसांचे काहीच मिळत नसे. २०२२ साली खेळाडू संघटनेत आले, २०२३ साली करार झाला आणि तो आकडा २६,२०० वर गेला. त्याच रेंजर्सच्या सर्वांत वरच्या संघात बसणाऱ्याला २०२४ साली किमान ७ लाख ४० हजार. जिना एकच, पण पायऱ्यांमधली उंची अशी.

निघताना त्याने तो चेंडू मला देऊन टाकला.

बेळगावला परतल्यावर मी त्याच्या मागावर राहिलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेंजर्सचे शिबिर ॲरिझोनातल्या ज्या गावी भरले, त्या गावाचे नावच “सरप्राइज” आहे. मोठ्या बातम्या मोठ्या खेळाडूंच्या. मला हवी ती माहिती अगदी खाली, बारीक टाइपात. तिथले दुपारचे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होतात. सराव-सामन्यांत शेवटच्या डावांत मोठ्यांना विश्रांती देऊन खालच्या पायऱ्यांवरची मुले आणून उभी करतात. त्यांच्या पाठीवर ऐंशी-नव्वदच्या घरातले आकडे असतात. मार्चमध्ये एका सकाळी कॉलेजच्या बसमध्ये धावफलक वाचताना त्याचे नाव दिसले. एक डाव, एक हिट, धाव नाही, दोन गडी स्ट्राइक-आउट. मी एवढ्या जोराने “अरे वा!” म्हणालो की कंडक्टरने मागे वळून पाहिले. त्या सामन्याची हारजीत कुठेही मोजली जाणार नव्हती. पण तो एक डाव त्याचा होता, आणि बेळगावात एकाने तो मोजला होता.

बेसबॉलच्या इतिहासातला एक प्रसंग मला या बाबतीत नेहमी आठवतो. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी तिथला ट्रिपल-ए संघ रॉचेस्टरशी खेळू लागला. नऊ डावांत निकाल लागेना. बत्तीस डाव झाले, पहाटेचे चार वाजून गेले, तेव्हा खेळ थांबवला. थंडीत स्टेडियममध्ये एकोणीस प्रेक्षक उरले होते. २३ जूनला पुन्हा खेळ सुरू झाला आणि तेहतिसाव्या डावात पॉटकेटने ३-२ असा सामना जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधला तो सर्वांत लांब सामना. त्यात वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन हे पुढचे दोन महान खेळाडू होते, म्हणून तो सांगितला जातो. पण विजयी फटका मारला तो डेव्ह कोझाने, आणि कोझा मोठ्या संघात एकही सामना खेळू शकला नाही. मला वाटते, त्या पहाटे बसून राहिलेल्या एकोणीस जणांनी कोण पुढे मोठा होणार याचा विचार केला नसेल. समोर जो उभा होता त्याचा खेळ त्यांनी पाहिला.

मार्चअखेर शिबिरे मोडतात. कोण वर, कोण खाली आणि कोण मुक्त, याच्या याद्या येतात. “मुक्त” हा शब्द ऐकायला किती चांगला आहे! त्या यादीत मला त्याचे नाव दिसले. मागे-पुढे काही नाही. नाव, जागा आणि तो एक शब्द. अकाउंटन्सीत बुडीत येणे खाती टाकतात तेव्हा एक ओळ लिहून खाते बंद करतात, तसे.

त्या संध्याकाळी मी चेंडू खिशात घालून दादाकडे गेलो. दादा उद्यमबागेत एका फौंड्रीत काम करतो. विद्यापीठाच्या संघातून तो लेगस्पिन टाकायचा. पाच वर्षांपूर्वी हुबळीला निवड-शिबिराला गेला, आणि आठव्या दिवशी परत आला. त्यानंतर त्याचा किट माळ्यावर गेला. त्या विषयावर घरात कुणी बोलले नाही. आम्हांला वाटे, न विचारणे म्हणजेच त्याला जपणे.

मी त्याला सगळे सांगितले. किन्स्टन, गोदाम, सरप्राइज, तो एक डाव, ती यादी. मग विचारले, “दादा, तू हुबळीहून आलास तेव्हा काय झालं होतं?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काय होणार? नावं वाचून दाखवली. माझं नव्हतं. बसनं आलो.” आणि थांबून म्हणाला, “शेवटच्या दिवशी सहा ओव्हर टाकल्या होत्या रे. तीन विकेट. त्यातली एक गुगलीवर.” पाच वर्षांत हे त्याने कुणाला सांगितले नव्हते; कुणी विचारलेच नव्हते. मग तो बोलतच राहिला. पहिला गडी कसा पुढे आला, यष्टिरक्षकाने दुसऱ्याचा झेल कसा घेतला, खेळपट्टी कुठल्या टोकाला फुटली होती. मी त्या सहा ओव्हरी माझ्या कॉस्टिंगच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतल्या, त्या किन्स्टनच्या म्हाताऱ्यांसारख्या, पेन्सिलीने.

“आणि तो तुझा लेफ्टी? आता काय करतोय?” त्याने विचारले.

“ठाऊक नाही. गोदामात असेल.”

“चेंडू बघू.” त्याने चेंडू हातात घेतला, फिरवला. “शिवण जाड आहे याची,” तो म्हणाला, आणि त्याची दोन बोटे आपोआप शिवणीवर आडवी झाली.

चेंडू अजून त्याच्याकडेच आहे. मी परत मागितलेला नाही. दर फेब्रुवारीला शिबिरे उघडतील, मी बातम्या वाचीन, आणि बाबा तोच प्रश्न विचारतील. पोटाला यातून काही मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण यादी खालपर्यंत वाचायची सवय मला या खेळाने लावली. आणि आमच्याच घरातले एक नाव मी इतकी वर्षे वाचायचे राहिलो होतो, हेही त्यानेच दाखवून दिले.