शंभरातलं एक

बाबा गेले ते आषाढात. चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी दुपारपर्यंत नातेवाईक, महाराष्ट्र मंडळातली माणसं, सगळे जमले. थांबलो होतो ते मुंबईहून निघालेल्या धाकट्या भावासाठी. त्याचं विमान मानाच्या विमानतळावर दोनदा उतरायला आलं, दोन्ही वेळा ढगातूनच परत वर गेलं आणि शेवटी नागपूरला उतरलं. तिथून गाडीने भंडारा, राजनांदगाव, दुर्ग करत तो पोचला तेव्हा रात्र झाली होती. महादेव घाटावरून येऊन आमच्या आंघोळीही उरकल्या होत्या.

तेराव्याच्या रात्री गच्चीवर त्याने विचारलं, “दादा, पायलट अजून पन्नास फूट खाली आला असता तर काय बिघडलं असतं? ती रेघ तुम्हीच लोक मारता ना?”

हो, आम्हीच. निवृत्त होईपर्यंत विमानांच्या उतरण्याच्या वाटा आखणं हीच माझी नोकरी होती. रायपूरची वाट माझ्या हातची नाही, पण हिशोब सगळीकडे तोच.

ढगात वैमानिक आयएलएसचे रेडिओ-संकेत धरून साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतो. पण कोणतंही विमान त्या रेषेवर खिळल्यासारखं राहत नाही. थोडं डावीउजवीकडे, थोडं वरखाली होतंच. किती विमानं किती सरकतात याच्या नोंदींवरून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने एक गणित बसवलं. त्याची पुस्तिका १९८० साली निघाली. मोजणीत आलेली प्रत्येक टेकडी, झाड, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी आम्ही त्यात भरतो. एकेका अडथळ्याला धडकण्याची शक्यता निघते, मग सगळ्यांची बेरीज. ती एक कोटी वेळा उतरण्यात एकाहून जास्त भरली, तर उंची वाढवायची. त्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर वर जायचं. साध्या आयएलएसवर वैमानिकाला दोनशे फुटांखाली आंधळेपणाने येताच येत नाही.

कोटीत एक. शून्य नव्हे. घरी हे मी कधी बोललो नव्हतो.

बाबा मूळचे जुन्नर तालुक्यातले. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरू पाहणारं आलितालियाचं डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली. मुंबई जवळ आली या समजुतीने ते वेळेआधीच खाली आलं होतं. तो अपघात माझ्या गणिताच्या टापूतला नाही, शेवटच्या उताराच्या कितीतरी आधीचा. पण विशीतले बाबा गावच्या माणसांबरोबर डोंगर चढून गेले होते. वाटेतला चिखल, पाऊस सगळं सांगत; वर काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही.

आमच्या गणितात आणखी एक आकडा आधीपासूनच धरलेला असतो: शंभरातलं एक विमान न उतरता वर जाईल. इतकी वर्षं तो आकडा डोळ्यांसमोर होता. त्या एकात कोण बसलेलं असेल, हे कधी मनात आलं नाही.

“पन्नास फुटांनी बहुतेक काहीच बिघडलं नसतं,” मी म्हणालो. खोटं बोलवेना.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा म्हणाले असते, वर गेला ते बरं केलं.” आणि थोड्या वेळाने, “पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं रे दादा.”