डागडुजी

दर सोमवारी सकाळी संगणक सुरू केला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट हळूच वर येत असे. "नवी आवृत्ती उपलब्ध आहे. आताच घेणार, की नंतर आठवण करू?" असे ती मोठ्या अदबीने विचारी. मी 'नंतर'वर टिचकी मारी आणि ती आल्या पावली परत जाई. इतका सोशिकपणा मी विमा एजंटातही पाहिलेला नाही.

ही चौकट होती माझ्या फोटो दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरची. ते करणाऱ्या कंपनीचे नाव मी सांगत नाही. चांगले बोललो तर जाहिरात होईल आणि वाईट बोललो तर चहाडी! २०१४ साली मी ते रोख पैसे मोजून घेतले. मुलगी नुकतीच वर्षाची झाली होती आणि नव्या बापाला चढतो तो फोटोंचा ज्वर मलाही चढला होता. तिचे रांगणे, तिचे पडणे, पडून रडणे, रडून झोपणे... बारा वर्षांत एकोणीस हजार फोटो जमले. त्यांतले पुन्हा पाहिले किती, हे मात्र कृपा करून विचारू नका.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रातले मला काही कळत नाही असा घरात सर्वांचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. कारण त्यामुळे गीझर बिघडला की मला कोणी हाक मारीत नाही. पण या सॉफ्टवेअरवर मात्र माझा जीव जडला होता, तो त्याच्या कामाच्या रीतीमुळे. ते मूळ फोटोला हातच लावीत नाही. उजेड वाढवा, कड कापा, रंग जरा उतरवा. आपण केलेली प्रत्येक दुरुस्ती ते एका निराळ्या वहीत टिपून ठेवते आणि पडद्यावर दाखवताना मूळ चित्रावर ती चढवून दाखवते. दहा वर्षांनी 'सगळे पुसून टाक' म्हटले तरी मूळ चित्र जसेच्या तसे हाती येते. मूळ पोथी कपाटात, आणि पाठभेद तळटीपेत! आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

यंदा मात्र दोन गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि आमचा संगणक नेमका त्याच पिढीतला. कन्येने निकाल देऊन टाकला, "बाबा, नवा घ्यायलाच हवा. आणि तुझं ते जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं काही सांगता येत नाही." दुसरी गोष्ट अण्णांची पंचाहत्तरी. त्या निमित्ताने आजीचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा, असे माझ्या मनात होते.

नवी आवृत्ती घ्यायची तर अडचण अशी, की ती विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणी भरणाऱ्यांनाच मिळतील, असे ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले आणि मग ही चाल बाजारात रुळत गेली. पूर्वी पुस्तक विकत घेतले की ते आपले असे. आता वर्गणी थकली की कपाटाला कुलूप. महिन्याची रक्कम ऐकून माणसाला काही वाटत नाही. बाराने गुणली की थोडे वाटते. सौ.ने ती माझ्या निवृत्तीपर्यंतच्या वर्षांनी गुणली आणि म्हणाली, "अहो, यात माझी एक बांगडी होईल." त्यावर मी काही बोललो नाही. अशा वेळी न बोलणे मी अनुभवाने शिकलो आहे.

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे एक सहकारी फुकटाचे मोठे भोक्ते. त्यांनी मला 'गिंप' सुचवले. १९९६ पासून हौशी मंडळींनी चालवलेले हे सॉफ्टवेअर. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. गृहस्थ खरोखर गुणी, आणि मागत काही नाही. पण माझी बारा वर्षांची दुरुस्तीची वही काही त्याला वाचता येत नाही. ती वाचणार फक्त माझ्याच कंपनीची नवी आवृत्ती; आणि तीही आधी वही आपल्या पद्धतीने नव्याने लिहून घेणार. मोडीतला दप्तरखाना एकदा बाळबोधीत उतरवला की जुन्या कारकुनाचे काम संपते, तसेच हे. नव्याने लिहिलेली वही जुन्या आवृत्तीला उघडता येत नाही.

शेवटी ठरवले की सात दिवस फुकट वापरून बघायचे. मुलीच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवली आणि पहिला फोटो उघडला तो आजीचा.

हा फोटो १९५९ सालचा. साताऱ्यातल्या एका स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा. मागे पडद्यावर रंगवलेला जिना, कुठेही न पोचणारा. खुर्चीत नऊवारीतली आजी, आणि खुर्चीच्या हाताला घट्ट धरून उभे असलेले आठ वर्षांचे अण्णा. आजीचा एवढा एकच फोटो आमच्या घरात आहे. त्यावर एक आडवी घडी पडली आहे, बरोबर तिच्या गालावरून हनुवटीकडे उतरणारी.

मी 'चेहरा सुधारा' या बटणावर टिचकी मारली. पुरे मिनिटही लागले नाही. घडी नाहीशी झाली. चेहरा उजळला. केसांची बट न् बट निराळी दिसू लागली, डोळ्यांत पाणीदार चमक आली. मी तर हरखूनच गेलो. बांगडी गेली तरी चालेल असे, खरे सांगतो, क्षणभर मनात आले. मी अण्णांना हाक मारली.

अण्णांनी चष्मा पुसला, लावला, आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण ही बाई कोण?"

मग मलाही दिसले. आजीचा डावा डोळा किंचित मिटलेला असे, तो सरळ झाला होता. ओठ भरले होते. आणि हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके पार गेले होते. यंत्राने ते डाग समजून पुसले होते!

त्याचाही दोष म्हणता येत नाही. त्याला हजारो चेहरे दाखवून शिकवलेले असते. फोटोत जिथे काही उरलेले नसते, तिथे बहुतेकांच्या चेहऱ्यांवर जे असते ते ते भरून टाकते. आजी त्याला कुठून ठाऊक असणार?

"लग्नाच्या आधी जत्रेत गोंदून घेतलं होतं तिनं," अण्णा सांगू लागले. "म्हणायची, बाकीचे दागिने इथंच काढून ठेवायचे असतात, एवढाच बरोबर येतो." आणि खरोखरच, तिच्या पाटल्या पुढे काकांच्या शिक्षणाला गेल्या, एवढे मला ठाऊक होते. गोंदणाची हकिगत मात्र मी तोवर ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी योगायोगाने मला वर्गात एकनाथांनी सिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीबद्दल शिकवायचे होते. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, प्रती पडताळून नाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. स्वतः केवढा मोठा कवी! एखादी गळलेली ओवी रचून घालणे त्यांना काय अवघड होते? हे मी दरवर्षी सांगतो. यंदा सांगताना डोळ्यांसमोर तीन ठिपके येत होते आणि पुढच्या बाकावरच्या मुली, सर मध्येच का थांबले, म्हणून एकमेकींकडे पाहत होत्या.

त्याच संध्याकाळी मी मूळ फोटो कपाटातून काढला. इतकी वर्षे मी ज्याच्यावर कष्ट घेत होतो, ती एका दुकानातून कधीकाळी करून आणलेली लहानशी, धुरकट प्रत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात एक चांगला स्कॅनर आहे. त्यावर मी इंचाला ६०० बिंदू या हिशेबाने फोटो पुन्हा उतरवून घेतला. पाहतो तो काय, मला धूसर वाटणारे कितीतरी त्या कागदात शाबूत होते. काठाची नक्षी होती, कानातली कुडी होती, अण्णांच्या सदऱ्याचे तुटलेले बटणसुद्धा होते. नव्या आवृत्तीची नव्हे, चांगल्या प्रतीची गरज होती. जे वर्गात वीस वर्षे सांगत आलो, ते घरी उमगायला एवढा वेळ लागला.

मग दोन रात्री जुन्या सॉफ्टवेअरवर घडी काढत बसलो. शेजारचा तेवढाच रंग उचलायचा आणि भेगेवर ठेवायचा, राईराई एवढा. हनुवटीपाशी आलो तेव्हा श्वास रोखून काम केले. एक ठिपका घडीला अगदी खेटून होता.

बारा बाय अठरा इंचांचा फोटो करून आणला तेव्हा अण्णा घडी होती त्या जागेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ती घडी मीच घातली होती. मुंबईला नोकरीला निघालो तेव्हा खिशात मावेना म्हणून. आईला कधी सांगितलं नाही." थोडा वेळ गेला. "गेली ते बरं झालं."

नवा संगणक आला, तो मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. जुन्याची इंटरनेटची तार मी काढून टाकली; त्यामुळे सोमवारची ती चौकट आता येत नाही. मुलीच्या नव्या फोनमधले फोटो मात्र जुने सॉफ्टवेअर उघडत नाही, 'ही फाईल ओळखता येत नाही' म्हणते. मागच्या रविवारी तिने अण्णांचा त्या तसबिरीखाली बसलेला एक सुरेख फोटो काढला. तो अजून तिच्या फोनमध्येच आहे.