पानांआधीची फुलं

एप्रिलात बोस्टनच्या परिसरातले मेपल आणि ओक अजून उघडेबोडके असतात. गार वाऱ्याने माणसं कोटाची बटणं लावून फिरत असतात, आणि जंगलाच्या जमिनीवर मात्र नुसती धांदल उडालेली असते. वर पालवी दाटली की खाली ऊन मिळायचं नाही. म्हणून मधल्या काही आठवड्यांत तिथल्या रानफुलांना उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाची बेगमी कंदात भरून ठेवायची असते. उन्हाळा चढला की त्यांतल्या कित्येकांचा मागमूसही राहत नाही.

ब्लडरूटची कळी आपलंच पान उपरण्यासारखं लपेटून वर येते. फूल शुभ्र, आयुष्य दोन-चार दिवसांचं. कंद मोडला तर लालभडक चीक. व्हर्जिनिया ब्लूबेलच्या कळ्या गुलाबी आणि उमललेली फुलं निळी, त्यामुळे एकाच झुपक्यात दोन्ही रंग नांदतात.

ही फुलं बागेत आणायची तर बागेनेच थोडं जंगल व्हायला हवं. विल कर्टिस या उद्यानरचनाकाराने १९३१ साली बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला तीस एकर रान विकत घेतलं आणि देशी रानफुलांची बाग उभी केली. ‘गार्डन इन द वुड्स’ नावाची ही बाग त्याने १९६५ मध्ये रानफुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. ती आजही पाहता येते.

इथे घाई कामाची नाही. तीन पानं आणि तीन पाकळ्यांचं पांढरं ट्रिलियम १९३७ पासून कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांताचं फूल आहे; बी रुजल्यापासून त्याला पहिलं फूल यायला सहज सात वर्षं लागतात. बी पसरवायचं काम प्रामुख्याने मुंग्यांचं. बियाला चिकटलेल्या तेलकट गरासाठी त्या ते वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. मुंगीच्या चालीने पसरणारं हे फूल एकदा जंगल तुटलं की तिथे लवकर परतत नाही, यात नवल ते काय!

त्यात गांडुळांची भर. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेतच घोकलेलं. पण हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या या भागात देशी गांडुळं उरलीच नव्हती. आजची युरोप-आशियातून आलेली. ज्या पाचोळ्याच्या थरात रानफुलं रुजतात, तोच ती फस्त करतात.

मराठी नजरेला ओळखीचं वाटावं असं एक झाड म्हणजे जॅक-इन-द-पल्पिट. पावसाच्या तोंडावर महाबळेश्वरच्या रानात उगवणाऱ्या सापकांद्याचं हे जवळचं नातलग. कंदात साठा कमी असेल त्या वर्षी नर, भरपूर असेल तेव्हा मादी. फळं धरून दमलं की पुन्हा नर. इतका व्यवहारी संसार माणसांतही विरळाच.

तिकडे घर-अंगण असलेल्या मराठी मंडळींनी झाडांखालचा एखादा कोपरा या फुलांना जरूर द्यावा. तिथला पाचोळा झाडून काढू नये. आणि रोप घेताना ते रोपवाटिकेत वाढवलेलं आहे की कुणी जंगलातून उपटून आणलेलं, एवढं आधी विचारावं.