तिकिटाची भीती

भीती ही विकत घेण्याची वस्तू आहे, असे आपल्या आजीला सांगितले असते तर ती हसली असती. तिच्या काळी भीती फुकट मिळत असे, आणि तीही गरजेपेक्षा जास्त. आज मात्र जगात ठिकठिकाणी माणसे रांगेत उभी राहून, पैसे मोजून भिऊन घेतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या ऑक्टोबरात अशाच एका ठिकाणची छायाचित्रे पाठवली. नॉट्स बेरी फार्म हे त्या ठिकाणाचे नाव. नावाप्रमाणे ते मुळात खरोखरच शेत होते. वॉल्टर नॉट आणि त्याचे कुटुंब तिथे बेरीची फळे पिकवून विकत असे. पुढे शेताची करमणूकनगरी झाली, आणि १९७३ पासून तिथे दर हॅलोविनला भुते अवतरू लागली. धुरकट वाटा, मुखवटे घातलेले नट, अंधारातून अचानक अंगावर येणारी आकृती. अमेरिकेत आता कितीतरी शेतकरी सुगी संपल्यावर आपल्या मक्याच्या शेतात किंवा गवताच्या गंजीभोवती असा भीतीचा खेळ मांडतात. पिकाच्या हंगामानंतरचा हा दुसरा हंगाम.

भाचीने छायाचित्रांखाली लिहिले होते : ‘मामा, तुमच्याकडे असे काही नसेल ना?’

प्रश्न साधा होता. पण मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या झाडीपट्टीत काय काय चालते हे आठवू लागल्यावर त्याचे उत्तर एका ओळीत देणे मला जमेना. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार आहे.

हॅलोविनचा दिवस ३१ ऑक्टोबर. त्याचे मूळ केल्टिक लोकांच्या साउइन या सणात सांगतात. सुगीचा शेवट, हिवाळ्याची सुरुवात, आणि जिवंत व मृत यांच्यामधली भिंत पातळ होण्याची रात्र. आमच्याकडेही हे दिवस उंबरठ्याचेच असतात. हलके धान कापणीला आलेले असते, भारी धान अजून बांध्यांत उभे असते. दिवाळी येते, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडईला सुरुवात होते. देसाईगंज, म्हणजे वडसा, येथील नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांत तारखा भरू लागतात. होळीपर्यंत, कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मंडप उभे राहतात आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला झाडीपट्टी नावाचे काही आहे याची पुन्हा एकदा आठवण झाली. असो.

अशाच एका मंडईत, दोन वर्षांपूर्वी, मी भूतबंगला पाहिला. नाटकाच्या मंडपापलीकडे आकाशपाळणा, त्याच्या बाजूला काळ्या कापडाचा लांबट तंबू, दारावर रंगवलेली कवटी आणि तीस रुपये तिकीट. पायाखाली धानाची धसकटे तशीच होती. आत गेल्यावर ध्वनिमुद्रित किंकाळ्या ऐकू येत. पण त्यांच्यावर जनरेटरची घरघर मात करी. एका वळणावर लोखंडी सांगाडा हलला. दुसऱ्या वळणावर पांढरी साडी नेसलेला, केस मोकळे सोडलेला एक मुलगा दोन्ही हात पुढे करून धावून आला. माझ्यापुढच्या पोरी किंचाळल्या आणि लगेच हसल्या. बाहेर पडण्याची फट समोरच दिसत होती, तिच्यातून जिलेबीच्या दुकानातला उजेड आत येत होता. थोड्या वेळाने तोच मुलगा साडी खोचून हापशीवर तोंड धुताना दिसला. भोवती जमलेली लहान मुले त्याच्याकडे मोठ्या आदराने पाहत होती. बाजूला विडी ओढत बसलेले एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, “याच्यापक्षा आमच्या धुऱ्यावर या ना गुरुजी. तिथं फुकट भेव लागते.”

त्यांच्या बोलण्यातला विनोद मला तत्क्षणी कळला. त्यातला विचार पोचायला वेळ लागला. धुऱ्यावरची भीती वाघाची. या दोन जिल्ह्यांत वाघ हा केवळ अभयारण्यातला प्राणी नाही. तो धानाच्या बांधीत, बोडीच्या काठी आणि गावच्या गोठ्यापाशीही असतो. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. अशा बातम्या आमच्याकडे आतल्या पानावर येतात. त्याच जिल्ह्यात, पावसाळा संपला की, ताडोबाच्या गाभा क्षेत्राची दारे पर्यटकांसाठी उघडतात. देशोदेशीची माणसे पैसे मोजून उघड्या जिप्सीत बसतात. वाघ रस्त्यावर आला की श्वास रोखतात. छातीतली ती धडधड हीच त्यांच्या प्रवासाची कमाई असते. म्हणजे भाचीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की आमच्याकडेही भीती दाखवण्याचे मोठे केंद्र आहे. मात्र तिथला मुखवटा काढता येत नाही. एकच वाघ कुंपणाच्या एका बाजूला तिकिटाचा असतो, दुसऱ्या बाजूला बिनतिकिटाचा.

ताडोबा हे नावच एका मरणातून आले आहे, असे इथली लोककथा सांगते. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, लोकांनी त्याला देव मानले, आणि तळ्याकाठी त्याचे स्थान झाले. वाघाला घाबरणाऱ्या लोकांनी वाघाचा सूड घेणारी कथा रचली नाही. त्याच्याशी झुंजलेल्या माणसाला देव केले, आणि अनेक गावांच्या शिवेवर वाघोबालाही देव केले. भीतीला असे घर देणे हा माणसाचा फार जुना उद्योग आहे. सुंदरबनात १९८०च्या दशकात जंगलात जाणाऱ्या माणसांनी डोक्याच्या मागच्या बाजूला मानवी चेहऱ्याचे मुखवटे बांधले होते. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून पाठीलाही डोळे दिले. काही काळ त्याचा उपयोगही झाला. मुखवट्याचा इतका निकडीचा वापर कुठल्याही रंगभूमीने केला नसेल.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे भयानक रस आठवणे स्वाभाविक आहे. भरताने भय हा स्थायी भाव आणि भयानक हा रस असे सांगितले. पण प्रत्यक्षात नकोसे असणारे भय नाट्यात आस्वाद्य कसे होते, या प्रश्नाशी खरी झुंज दिली ती अभिनवगुप्ताने. त्याने घेतलेले उदाहरण आम्हा वनप्रदेशातल्या लोकांना फार जवळचे वाटावे असे आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात राजाच्या रथापुढे धावणारे, मान वळवून वळवून मागे पाहणारे ते हरीण. अभिनवगुप्ताचे म्हणणे थोडक्यात असे : ते हरीण पाहताना सहृदयाला जे भय प्रतीत होते, ते विशिष्ट स्थळकाळाला बांधलेले नसते. मी भ्यालो आहे, हा भ्याला आहे, हा शत्रू आहे, हा मित्र आहे, हा तिऱ्हाईत आहे, असे कोणतेही नाते त्या भयाला चिकटलेले राहत नाही. नात्यांतून सुटलेले भय हाच रस.

वर्गात हे शिकवताना मी भूतबंगल्याचा दाखला देतो. पोरी किंचाळून हसतात, कारण त्या भयाला मालक नसतो. साडी नेसलेला मुलगा कुणाचा शत्रू नसतो. बाहेर पडण्याची फट दिसत असते. कॅलिफोर्नियातल्या त्या धुरकट वाटांवरही हाच अलिखित करार असतो : नट तुम्हाला घाबरवील, पण तुमच्या अंगाला हात लावणार नाही. भीतीचा खेळ या करारावर उभा असतो. करार मोडला की खेळ संपतो आणि उरतो तो केवळ हल्ला.

हे सारे मला पुरेसे स्पष्ट वाटत होते. गेल्या वर्षी पदवीच्या वर्गात मराठी भयकथेवर तास चालू होता. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ही नावे फळ्यावर होती. खेड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईविषयी गावाला संशय येतो, अशा धर्तीच्या कथांची चर्चा चालली होती. विद्यार्थी रंगून बोलत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प होती. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, आमच्या गावात ही कथा नाही ना जी.” मी पुढे विचारले नाही, तिनेच सांगितले. तिच्या आजीला जडीबुटीची माहिती होती. शेजारचे लेकरू तापाने गेले, त्यानंतर लोक त्या घरचे पाणी पिईनासे झाले. आजी आता तिच्या मामाकडे राहते. “माझी आजी भूतबंगल्यात नाही राहत, सर,” ती म्हणाली, “तिले बाहेर निघाची फट नाही.”

तिच्या या वाक्यापाशी माझा रससिद्धान्त थबकला. वाचकांना आठवत असेल : २०२१च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारहाण झाली. २०२४च्या मे महिन्याच्या आरंभी एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा येथे एक स्त्री आणि एक पुरुष यांना याच संशयावरून जिवंत जाळण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यानुसार गुन्हा आहे; त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा आहे, तरीही बारसेवाडा घडले.

अभिनवगुप्ताच्या भाषेत मांडायचे तर, या भयाला नाते चिकटलेले असते. लेकरू मरते, बैल मरतो, ताप उतरत नाही, दवाखाना दूर असतो. भीती मोठी असते आणि तिचा मालक सापडत नाही. मग ती आपला पत्ता शोधू लागते. तो पत्ता बहुधा गावातल्या सर्वांत दुबळ्या दारावर लिहिला जातो. वाघाला कुणी चेटकीण म्हणत नाही, कारण वाघ दिसतो. न दिसणाऱ्या कारणाला मात्र माणसाचा चेहरा लागतो. सुंदरबनातल्या माणसांनी मुखवटा आपल्या पाठीला बांधला; आपण तो शेजारणीच्या तोंडाला बांधतो.

आपल्या परंपरेला या धोक्याची जाण नव्हती असे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मारबत निघते. रोगराई, इडापिडा, गावावरचे सारे अरिष्ट त्या पुतळ्याच्या अंगी घालून तिला शिवेबाहेर नेतात आणि जाळतात. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत १८८०च्या दशकापासून निघत आली आहे. भीतीला कागदा-बांबूचे शरीर द्यावे, म्हणजे हाडामांसाच्या शरीराची गरज उरत नाही, असे शहाणपण त्यात मला दिसते. पण इथेही थांबून पाहिले पाहिजे. पुतळा बाईचाच का? काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी, इंग्रजांशी संगनमत केल्याच्या आरोपाशी जोडतात. मंडईतल्या भूतबंगल्यातही मुलाला साडीच नेसावी लागली. आपल्या कथांतल्या हडळी, लावसटी, चेटकिणी पाहा. केस मोकळे सोडलेली एकटी बाई हे आपल्या कल्पनेतले भीतीचे ठरलेले रूप आहे. खेळ आणि हल्ला यांच्यात करार असतो हे खरे. पण दोघांचा मुखवटा एकाच कपाटातून निघतो, हेही तितकेच खरे.

मग भयकथा शिकवणे सोडावे काय? मला तसे वाटत नाही. कथेतले भय हे भय ओळखायला शिकवते. ते कसे रचले जाते, कुठे प्रकाश कमी केला, कुठला तपशील मुद्दाम दडवला, संशय कुणाकडे वळवला, हे विद्यार्थ्याला दिसू लागते. आणि ज्याला कथेतली रचना दिसते, त्याला गावातल्या कुजबुजीतली रचनाही दिसण्याची शक्यता निर्माण होते. शक्यता म्हणतो, खात्री नाही. म्हणून यंदा अभ्यासक्रमातल्या कथेबरोबर मी २०१३च्या त्या कायद्याची अनुसूचीही वर्गात वाचायला घेतली. तिच्यातली कलमे रुक्ष आहेत. पण प्रत्येक कलमामागे एक कथा आहे आणि त्या कथेत एक खरी बाई आहे, हे सांगावे लागले नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने अनुसूची मोठ्याने वाचली. आवाज स्वच्छ होता. वाचून झाल्यावर कुणी काही बोलले नाही. एका मुलाने मात्र कागदाची प्रत मागून घेतली. गावी न्यायची आहे, म्हणाला.

भाचीला मी शेवटी इतकेच कळवले : आमच्याकडेही आहे. तिकिटाचेही आहे आणि बिनतिकिटाचेही. तुमच्याकडच्या भुतांना रात्री घरी जाता येते, हा मोठा फरक आहे; तो जपा.