लालबागची खोली

जयगडला पाऊस खाडीवरून चालत येताना दिसतो. मुंबईत तो एकदम अंगावरच येतो. सुट्टीत मे-जून मी लालबागच्या चाळीत, गाववाल्यांच्या खोलीत काकांबरोबर राहिलो. पाऊस लागला की हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून दादरच्या दुकानावर जायचे, रात्री ओल्या कपड्यांच्या दोरीखाली वळकटी पसरायची. आजोबाही इथेच राहत. तेव्हा गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसे आळीपाळीने झोपत म्हणे! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला नि आजोबांची वळकटी जयगडला परतली ती कायमचीच.

शेठ म्हणाले, "कायम राहा, पगार वाढवतो." काकांना पटले. आईला फोन केला. तिने एवढेच विचारले, "कॉलेज कधी उघडतंय?"

काका रात्रभर बोलले नाहीत. पहाटे मात्र परळच्या एस.टी. डेपोपर्यंत माझी पिशवी त्यांनीच उचलली.