बालाघाटावरचा खुंटा

तेर, तेरणाकाठ

धाराशिव जिल्ह्यातले विणकाम आधी नदीकाठचे आणि कापसाचे. तेरणेच्या काठावरचे तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर सांगितले आहे. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू मांडल्या आहेत. कापड अर्थातच नाही. या हवेत ते टिकणार कुठे?

तुळजापूर, घाटमाथा

दक्षिणेला बालाघाटाच्या माथ्यावर तुळजापूर आहे. काळी जमीन सरून मुरमाड माळ लागतो, आणि कापसाची जागा लोकर घेते. डोंगरावरचा विणकर मेंढीच्या मागे येतो. मेंढपाळ धनगर चाऱ्यासाठी फिरतो, विणकराला मात्र फिरून चालत नाही. त्याला माग पुरायला घर आणि ताणा पसरायला गल्ली लागते. म्हणून घोंगडी विणणारे सणगर आणि खुटेकर धनगर गावात स्थिरावले. ‘खुटेकर’ हे नावच ताण्यासाठी ठोकायच्या खुंट्यावरून पडले असे मानतात.

दख्खनी मेंढी लोकरीच्या बाबतीत कंजूष. वर्षातून दोनदा कातरूनही एकीची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तीही राठ. काळी, करडी, थोडी पांढरी. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती मऊ असते, म्हणून जावळाच्या घोंगडीला मान आणि दाम दोन्ही जास्त.

मागावर पुरुष बसतो म्हणून घोंगडी त्याची म्हणायची, एवढेच. लोकर निवडणे, पिंजणे, पेळू करणे आणि चरख्यावर सूत काढणे ही बायकांची कामे. धोटा एका दिवसात जेवढे सूत खातो, तेवढे कातायला घरातल्या बायकांचे कितीतरी दिवस जातात. हिशेब मांडताना या दिवसांची मजुरी कोणी धरत नाही, आणि या धंद्याचा खरा तोटा तिथेच आहे.

सूत तयार झाले की गल्लीत खुंटे ठोकून ताणा ताणतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवलेली चिकट खळ कुंच्याने ताण्यावर चोपडतात. एक जण कुंचा ओढत पुढे जातो, मागचा तुटलेले धागे थुंकी लावून वळतो. खळ उन्हात कडक वाळली पाहिजे, नाहीतर राठ सूत फणीत अडकून तटातट तुटते. त्यामुळे गंमत अशी की घोंगडीला खरे गिऱ्हाईक पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात हे काम जवळजवळ बंद. उन्हाळाभर विणायचे आणि मृगाच्या तोंडावर विकायचे, हा घराचा ताळेबंद.

माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो. मागाचा पन्हा अरुंद असल्याने दोन पट्ट्या विणून मधोमध शिवतात. ती शिवण जुन्या घोंगडीची ओळख.

अणदूर, नळदुर्गाजवळ

अणदूर आणि नळदुर्ग ही खंडोबाची जोडठाणी. देवाची मूर्ती एकच, ती वर्षातला काही काळ इथे आणि काही काळ तिथे असते. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराची लेक. धनगरांच्या पूजेत घोंगडी आसन म्हणून अंथरतात. पावसात तिचीच खोळ, थंडीत पांघरूण, पाहुण्याला बैठक. भाषेतही ती आहे. भिजलेली घोंगडी जड होते आणि लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ उगाच म्हणत नाहीत.

गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी हा बाजार बसवला. विणकरांची मुले दुसऱ्या कामांना लागली, लोकरीला भाव उरला नाही. मेंढी मात्र कातरावीच लागते, म्हणून कातरलेली लोकर अनेकदा बांधावर टाकून दिली जाते.

घोंगडी घ्यायची झाल्यास एक सूत उपसून पेटवून पाहावे. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर लोकर. वितळून कडक गोळा झाला, तर ती घोंगडी नव्हे.