पायाखालचं बल

नववीच्या वर्गात न्यूटनचा तिसरा नियम शिकवला की एक प्रश्न हमखास येतो: क्रिया आणि प्रतिक्रिया बल समान आणि विरुद्ध, तर मग काही हलतं कसं? शिरोड्यात शिकवत असल्यामुळे मला उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. वेळागरला रापण ओढत असतील तर मुलांना तिथेच नेतो.

होडीने समुद्रात अर्धगोल सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात. दोन्हीकडे माणसांची रांग दोर ओढते. माणूस दोराला जेवढ्या बलाने ओढतो, तेवढ्याच बलाने दोर माणसाला समुद्राकडे ओढतो. पण ही दोन बलं एकाच वस्तूवर नाहीत. माणसाचं काय होणार हे कळायला फक्त त्याच्यावरची बलं मोजायची: दोर समुद्राकडे ओढतोय, वाळू टाचेला जमिनीकडे ढकलतेय. ताण जाणवतो दंडांत, म्हणून श्रेयही आपण दंडांना देतो. तोच माणूस होडीत उभा राहून ओढू लागला, तर होडीच जाळ्याकडे सरकेल. म्हणून रापणीवर ऐकू येतं ते 'पाय रोव रे!' कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच घसरते. ओली, घट्ट वाळू आधार देते.

दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात, त्या जाळं मिटावं म्हणून. पण त्यातही गणित आहे. १००-१०० न्यूटनची दोन बलं १२० अंशांच्या कोनात असतील तर मिळून १००च भरतात, ६० अंशांत सुमारे १७३, समांतर झाली की पुरी २००.

आता रापणी कमी झाल्या. यांत्रिक बोटी खोल पाण्यात मासळी धरतात. त्यांचा पंखा पाण्याला मागे ढकलतो, पाणी बोटीला पुढे, नियम तोच. मुलांना हे सांगतो तेव्हा एक गोष्ट जोडतो, जी परीक्षेत येत नाही. रापणीला बल पुरेसं व्हायला पुष्कळ माणसं लागायची, म्हणून दोराला हात लावणाऱ्याला मासळीत वाटा असायचा. इंजिनाला तेवढे हात लागत नाहीत. बेरीज तेवढीच राहते, वाटेकरी मात्र कमी होतात.